बाबा उभे राहतात

लग्न ठरलं तेव्हा माझा होणारा नवरा मोठ्या अभिमानाने म्हणाला होता, "आमचे बाबा दरवर्षी उभे राहतात." मी सहज विचारलं, "मग निवडून येतात का?" तो इतका हसला की चहा त्याच्या नाकात गेला. दरवर्षी पडणाऱ्या बापाला पोरगं असं हसतं कसं, हे मला कळेना. उलगडा नंतर झाला. त्या घरात उभं राहणं म्हणजे शर्यतीच्या शेवटच्या रेघेपाशी हातात घड्याळ घेऊन उभं राहणं. माझ्या सासऱ्यांची लॉण्ड्री आहे, आणि वर्षातून एकदा, थंडी सुरू झाली की, एका रविवारी पहाटे ते गावातल्या लोकांना रस्त्यावरून पळवतात. "काका, यंदा उभे राहणार ना?" असं दुकानात येणारा जो तो विचारतो. एखाद्या पुढाऱ्यालासुद्धा इतक्या आपुलकीने कोणी विचारत नसेल.

माझ्याविषयी एवढंच सांगते की मला झोप प्रिय आहे. चष्म्याच्या दुकानातली नोकरी मी पगारासाठी धरली नाही, दुकान उशिरा उघडतं म्हणून धरली. अशा बाईची गाठ अशा घराशी पडावी, याला नशीब म्हणायचं, दुसरं काय! त्यामुळे ही शर्यत मी कधी धड जागेपणी पाहिलेली नव्हती. शाल गुंडाळून लॉण्ड्रीच्या पायरीवर बसायचं, भिंतीला डोकं टेकायचं, आणि डोळे मिटत-उघडत जे दिसेल ते बघायचं. धुक्यातून पावलांचा आवाज यायचा. मग पांढरे चौकोन दिसायचे, मग त्यांच्यामागची माणसं. बाबांचा आवाज कोणाला तरी वेळ सांगायचा, आणि मी पुन्हा पेंगायचे. स्वप्न कुठे संपलं आणि शर्यत कुठे सुरू झाली हे मला शपथेवर सांगता यायचं नाही.

ते पांढरे चौकोन म्हणजे छातीवर बांधायचे नंबर. कागदी नंबर बाबांना चालत नाहीत. "कागद घामाने भिजतो आणि माणूस निम्म्या वाटेत बेवारस होतो," असं त्यांचं म्हणणं. जुन्या चादरी फाडून त्यांनी चौकोन केले, सासूबाईंनी निळ्या कापडाचे आकडे कापून त्यांवर शिवले आणि कोपऱ्यांना बंद लावले. शर्यत झाली की सगळे नंबर परत येतात, धुतले जातात, निळीतून आणि खळीतून निघतात आणि वर्षभर कपाटात गाढ झोपतात. मला त्यांचा हेवा वाटतो. शर्यतीच्या आठवड्यात ते पुन्हा बाहेर काढून मागच्या अंगणात दोरीवर टांगतात. पहाटे मी पाणी प्यायला उठले की मागच्या दाराच्या काचेतून ते दिसतात: धुक्यात ओळीने टांगलेले आकडे, आणि खाली माणसंच नाहीत. वारा आला की सगळे एकदम थोडे पुढे सरकतात, थबकतात, मागे येतात. बघता बघता आपणही त्यांच्याबरोबर हलतोय असं वाटू लागतं. मग मी पाणी पिते आणि परत जाऊन झोपते.

शर्यत सुरू झाली ती एका भांडणातून. फार वर्षांपूर्वी रोज पहाटे पळणारे काही लोक घामट कपडे टाकायला दुकानात यायचे. एक बेकरीवाला, एक बसचा कंडक्टर, एक नर्स. बेकरीवाला म्हणे माझ्यासारखं कोणी पळत नाही, कंडक्टर म्हणे तुला आम्ही रोज मागे टाकतो. नर्स काहीच म्हणत नसे. इस्त्री करता करता रोज तेच ऐकून बाबांचे कान किटले. शेवटी ते म्हणाले, "रविवारी सगळे या. इथून निघायचं, पूल ओलांडायचा, पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत इथे. मी उभा राहतो." नर्स पहिली आली. बेकरीवाला म्हणाला, घड्याळ चुकीचं आहे, तू अंदाजाने सांगतोस. हा अंदाजाचा आरोप बाबांच्या फार जिव्हारी लागला. दोघांनी कित्येक महिने एकमेकांशी बोलणं टाकलं, पाव सासूबाई आणायच्या. पुढच्या वर्षी बाबांनी चांगलं घड्याळ घेतलं, माणसं वाढली, आणि तेव्हापासून अंदाजे हा शब्द आमच्या घरात कोणी काढत नाही.

पण हा माणूस स्वतःच्या शर्यतीत कधी पळाला नव्हता. येत नव्हतं म्हणून नव्हे. लहानपणी वडिलांच्या हाताखाली असताना घरोघरी कपडे पोचवायला ते पळतच जात. हँगरला लावलेले कोट आणि झगे एका हाताने डोक्याच्या वर धरायचे, म्हणजे जमिनीला लागणार नाहीत आणि चुरगळणार नाहीत, आणि पळत सुटायचं. ती सवय अंगात इतकी मुरली की आजही त्यांना घाईने रस्ता ओलांडायचा असला तर उजवा हात आपोआप वर जातो. नवी माणसं समजतात आपल्यालाच बोलावताहेत, आणि थांबतात. बाबा पळू शकत होते, पण मग रेघेपाशी कोण उभं राहणार? "माझं काय, पुढच्या वर्षी," असं ते म्हणायचे, आणि पुढचं वर्ष आलं की त्याच्याही पुढच्या वर्षावर ढकलायचे.

गेल्या वर्षी त्यांचा खुबा दुखायला लागला. डॉक्टर आमचेच गिऱ्हाईक, त्यांचे पांढरे कोट आमच्याकडेच येतात, त्यामुळे त्यांनी आडपडदा ठेवला नाही. सांधा बदलावा लागेल म्हणाले. "चालाल मजेत. पळणं मात्र विसरा."

बाबा घरी आले आणि इस्त्रीच्या टेबलाशी उभे राहिले. मी तिथेच चहा पीत होते. एकच शर्ट ते कितीतरी वेळ इस्त्री करत राहिले. वाफ वर येत होती आणि त्यांचा चेहरा त्यात मधूनच दिसत होता, मधूनच नाही. त्या वाफेतूनच त्यांचा आवाज आला.

"यंदा मी पळीन म्हणतो."

त्यांनी शर्ट उलटा केला आणि पुन्हा इस्त्री फिरवली.

"एकदा ती रेघ ओलांडतो. आपली वेळ काय ती एकदा कानाने ऐकतो. लोकांना सांगत आलो इतकी वर्षं, स्वतःची माहीतच नाही. ती कळली की मग त्यांना काय कापायचं ते कापू दे."

"आणि बाबा, उभं कोण राहणार?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

कोपऱ्यात सासूबाई कॉलरींना खळ लावत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "मी."

आईंना आम्ही कधी जास्त बोलताना ऐकलेलं नाही. घरातलं सगळं बोलणं बाबांच्या वाट्याला आणि सगळं ऐकणं आईंच्या वाट्याला, अशी वाटणी लग्नातच झाली असावी. त्या दिवसापासून बाबांनी त्यांना घड्याळ शिकवायला घेतलं. अंगठा असा ठेवायचा. डोळे माणसाच्या छातीवर, चेहऱ्यावर नाही, चेहरा बघितला की माणूस फसतो. मधल्यांच्या वेळा चालत्या घड्याळावरूनच वाचायच्या, आणि शेवटचा माणूस रेघेवरून गेला की बटण दाबायचं, ते दाबलं की शर्यत संपली. त्याआधी नाही. आईंनी हे सगळं इतक्या वेळा ऐकून घेतलं की शेवटी मलाच राहवलं नाही. "बाबा, त्यांनी तुमच्याबरोबर संसार केला, बटणाचं काय घेऊन बसलात!"

आदल्या संध्याकाळी आईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"उद्या तू सायकलवर ह्यांच्या बाजूने जायचं."

"मी? पहाटे?"

"हे पळायचं सोडून व्यवस्था बघायला लागतील. लागले की घंटी वाजवायची."

"आई, मला तेव्हा डोळेसुद्धा उघडता येत नाहीत."

"झोपेत चालवलीस तरी चालेल," त्या म्हणाल्या. "घंटी तेवढी जागेपणी वाजव."

पहाटे अंगणात सगळे नंबर कडक इस्त्रीचे, दुधासारखे पांढरे, आणि बाबांच्या छातीवरचा मात्र चुरगळलेला. सगळ्यांचे करता करता स्वतःचा राहून गेला होता. दिव्याखाली अंधार तो असा. आईंनी तो सोडवून घेतला, टेबलावर टाकला, इस्त्री फिरवली आणि गरम गरम परत बांधला. बंदाची गाठ त्यांनी दोनदा घातली.

दुकानासमोर धुकं इतकं दाट होतं की पळणाऱ्यांचा घोळका नुसता श्वासावरून कळत होता. माझ्या नवऱ्याने निशाण म्हणून वर धरलेला पांढरा अभ्रा खाली केला, आणि काहीतरी मोठं आणि मऊ हलायला लागलं. मी सायकलवर बसले होते एवढं आठवतं. पाय आपोआप फिरत होते, रस्ता आपोआप मागे जात होता, आणि माझ्या बाजूला एक हात हवेत उंच धरलेला होता. त्या हाताच्या खाली बाबा होते.

पहिल्या वळणावरच त्यांनी खिशातून खडू काढला. रस्त्यावरचा बाण पुसट झाला होता. मी घंटी वाजवली.

"अगं, लोक चुकतील."

"तुमच्या पुढच्यांना दिसला ना? पळा."

दवाखान्याच्या भिंतीपाशी पाण्याचं टेबल होतं. पाणी देणाऱ्या बाईंना बाबा सांगायला लागले की पेले अर्धेच भरा, पळता पळता काठोकाठ पेला कोणाच्या तोंडात जात नाही. घंटी. पुढे एका पोरसवद्या कारकुनाचा नंबर सुटून लोंबत होता, तो बांधून देण्यासाठी त्याच्याबरोबर थांबले. पुन्हा घंटी. मग कोणीतरी टाकलेला पेला उचलायला वाकले, तेव्हा मी इतक्या जोरात घंटी वाजवली की एका घराची खिडकी उघडली. जित्याची खोड म्हणतात ती खोटी नाही. मला राग यायला लागला होता. इतकी वर्षं लोकांसाठी रस्ता झाडलात, आता त्यावरून एकदा तरी नीट जा ना!

मग पूल आला. पुलावर ना बाण, ना टेबल, ना वळण. दोन्हीकडे कठडा आणि खाली नदी असावी असा आवाज. धुक्याने पुढचं आणि मागचं सगळं मिटवून टाकलं होतं. पळणारे पुढे होते, पण दिसत नव्हते. मागे होते, पण नुसते ऐकू येत होते. व्यवस्था बघायला तिथे काहीच नव्हतं, आणि बाबा पळू लागले. खरंच पळू लागले. एका बाजूला किंचित कलून, खुबा सांभाळत, पण पावलं हलकी. रस्ता हलतोय की आपण, हे मला कळेनासं झालं. माझी झोप आणि त्यांचं पळणं एकमेकांत मिसळून गेल्यासारखं झालं होतं, आणि तो पूल संपूच नये असं मला वाटलं. माझ्यासारख्या आळशी बाईला!

"पोरी," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"हे असं असतं होय?"

"कसं?"

त्यांनी आणखी दहाबारा पावलं टाकली. मग म्हणाले, "मला वाटायचं, लोक इतके दमून येतात आणि वर हसतात कशाला."

टाकीला वळसा घालून परत फिरलो तेव्हा दुखणं वाढलं होतं. ते सांगत नव्हते, पण वर धरलेला हात खाली आला होता आणि खुब्यावर दाबलेला होता. कधी चालत, कधी पळत. नर्स आता निवृत्त झाली आहे, केस पिकले आहेत. ती बाजूने गेली, तिने त्यांच्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि पुढे गेली. "दुखतंय का फार?" मी विचारलं. "दुखतंय," ते म्हणाले. "तू सायकल चालव."

शेवटच्या रस्त्याला लागलो तेव्हा धुकं वर उचललं गेलं होतं. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. समोर पांढरी रेघ, आणि रेघेच्या पलीकडे बाबांचं जुनं जाकीट अंगावर घालून, घड्याळ दोन्ही हातांत धरून आई. बाबांनी त्यांना पाहिलं आणि वेग वाढवला. लोक ओरडायला लागले. मी घंटीवरचा अंगठा काढून घेतला. आता त्यांना थांबवील असं वाटेत काहीच उरलं नव्हतं.

आणि रेघ एका पावलावर असताना बाबा डावीकडे वळले, दिव्याच्या खांबापाशी गेले, आणि उभे राहिले.

वर्षानुवर्षं ते तिथेच उभे राहत आले होते. रेघेच्या अलीकडे एक पाऊल, खांबाला पाठ लावून, म्हणजे रेघ डोळ्यांना सरळ दिसते. दमलेले पाय आपल्या ओळखीच्या जागी गेले, झालं. बाबा वळले, आलेल्या रस्त्याकडे तोंड केलं आणि टाळ्या वाजवायला लागले. मागून बेकरीवाला येत होता, त्याला म्हणाले, "ये, ये, आलंच! मान वर कर!"

"काका, ओलांडा!" लोक ओरडले. बाबांना वाटलं ते बेकरीवाल्याला ओरडताहेत, त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. मी घंटी वाजवली, वाजवतच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहून हाताने खूण केली. "सायकल बाजूला घे, पोरी, लोक येताहेत."

मला त्यांचा असा संताप आला! सायकल टाकून मी निघालेच होते, हाताला धरून ओढून नेणार होते. पण आईंकडे पाहिलं, तर त्यांनी मान हलवली. राहू दे. मग त्या बेकरीवाल्याकडे वळल्या आणि मोठ्याने त्याची वेळ सांगितली. आईंचा इतका मोठा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मी तिथेच थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी टक्क जागी होते, आणि पहिल्यांदाच मला बाबा उभे असलेले नीट दिसले. घामाने निथळत होते, एक पाय अधांतरी धरला होता, आणि येणाऱ्या प्रत्येकासाठी अशा टाळ्या वाजवत होते, जणू आज तो एकटाच पळाला. कारकून आला. पाणी देणाऱ्या बाईंचा नवरा आला. सगळ्यांत शेवटी दोघी बहिणी गप्पा मारत, चालत आल्या. त्यांना तर आपण शर्यतीत आहोत याचाही विसर पडला असावा. बाबांनी त्यांनाही टाळ्या वाजवल्या. त्या रेघेवरून गेल्या, आणि रस्ता रिकामा झाला.

"झाले का गं सगळे?" बाबांनी हात चोळत विचारलं.

"एक राहिलाय," आई म्हणाल्या.

बाबांनी कपाळावर आडवा हात धरून लांबवर पाहिलं. कोवळं ऊन रस्त्यावर पसरलं होतं आणि त्यात कोणीही नव्हतं.

"मला तर कोणी दिसत नाही. पाय मुरगळून बसला असेल कुठेतरी बिचारा. जा गं पोरी, सायकल घेऊन बघून ये."

काखेत कळसा नि गावाला वळसा! पण कोणी हसलं नाही. बेकरीवालासुद्धा हसला नाही, आणि तो मेला तर कशालाही हसतो.

"थांबू आपण," बाबा म्हणाले. "त्याला घाई नको करायला."

"मी थांबलेच आहे," आई म्हणाल्या. "या."

बाबांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या छातीकडे. नंबरावरून हात फिरवला. मग पायांकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं.

"अरेच्चा," ते म्हणाले.

खांबाला धरून त्यांनी पाय उचलला, खांब सोडला, आणि रेघेच्या पलीकडे टाकला. जो आवाज झाला तो विचारू नका. बेकरीवाल्याने शिट्टी मारली, नर्स रडत होती, मीही रडत होते. बाबा मात्र ताठ उभे राहिले आणि आईंकडे बघून म्हणाले, "वेळ?"

आईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग बघतच राहिल्या.

"दाबायचं राहिलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बटण. तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहिले."

आईंचा आवाज पुन्हा नेहमीसारखा बारीक झाला होता. "अंदाजाने सांगू?"

बाबा जवळ गेले आणि त्यांच्या तळहातावरच्या घड्याळात वाकून पाहिलं. आकडे पुढे पळत होते. त्यांचा अंगठा सवयीने बटणापर्यंत गेला, तिथे थोडा थांबला, आणि त्यांनी तो मागे घेतला.

"नको," ते म्हणाले. "चालू राहू दे."

मग त्यांनी आईंच्या खांद्यावर हात ठेवला, कारण पाय खरोखरच दुखत होता, आणि दोघं हळूहळू घराकडे निघाली.